विरळणीचा हिशेब

2023 च्या ऑक्टोबरात इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले की देशातल्या तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे. 2025 च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोचे एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी तो आकडा 90 वर नेला. दोन्ही वेळा देशभर वाद झाला. कोणाला तास वाढायला हवे होते, कोणाला कमी व्हायला, पण कामाचे माप तासांतच करायचे हे दोन्ही बाजूंना मान्य होते. हे तास कशासाठी, ते कोणी ठरवायचे आणि ज्याचे तास खर्ची पडतात त्याला त्यात काही बोलता येते का, हे प्रश्न वादात फारसे आलेच नाहीत.

वैयक्तिक उत्पादकतेवर लिहिणाऱ्यांचा सूर मात्र गेल्या दहा वर्षांत बदलला आहे. कामांच्या याद्या, पहाटेचे गजर आणि मिनिटामिनिटाचे वेळापत्रक यांच्या जागी आता हेतूची भाषा आली आहे. आधी कशासाठी ते ठरवा, मग काय करायचे ते ठरेल, असा हा सल्ला. तो मला योग्य वाटतो, पण अर्धाच वाटतो. तो हेतूला एकट्या माणसाच्या डायरीत नेऊन बसवतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा अनुभव पाहिला तर वेगळेच दिसते. इथे टिकलेला हेतू बहुतेक वेळा चारचौघांत ठरला आणि चारचौघांनी सांभाळला. जिथे माणसाचा स्वतःच्या दिवसावर हक्कच नव्हता, तिथे आधी त्या हक्कासाठी झगडावे लागले.

जगभरातला या प्रश्नाचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. फ्रेडरिक टेलरने 1911 साली शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे मांडली. हातात स्टॉपवॉच घेऊन कामाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला वेळ नेमून द्यायची, अशी ती रीत. विचार व्यवस्थापकाने करायचा आणि हात कामगाराने चालवायचे, ही फाळणी तिथे पक्की झाली. 1967 साली पीटर ड्रकरने काम नीट करणे आणि नेमके तेच काम निवडणे यांतला फरक दाखवला. अलीकडे ऑलिव्हर बर्कमनने माणसाचे आयुष्य साधारण चार हजार आठवड्यांचे असते हे डोळ्यांसमोर ठेवले (2021), तर कॅल न्यूपोर्टने कमी कामे घ्यावीत, ती सावकाश आणि उत्तम करावीत असे सांगितले (2024). या सगळ्यांचा वाचक कोण, तर टेबलाशी बसून काम करणारा आणि आपला दिवस थोडाफार आपल्या मर्जीने आखू शकणारा माणूस. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी मिळवली, ती गोष्ट या पुस्तकांत येत नाही. माझ्या मते वेळेच्या हेतूची आपल्याकडची आधुनिक चर्चा तिथूनच सुरू करायला हवी. सातवा दिवस आपला, हे कामगारांनी एकत्र येऊन ठरवले आणि मालकांकडून मान्य करून घेतले.

सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी हे आपल्या भागातले उत्पादकतेचे पहिले मोठे केंद्र. बेळगावच्या कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. 1910 साली तिथे कारखाना आणि गाव दोन्ही उभे राहू लागले. लोखंडी नांगर हा त्यांचा मुख्य माल. पण लोखंडाने जमीन नासेल अशी शेतकऱ्यांना धास्ती होती, त्यामुळे नांगर घडवण्याइतकीच मेहनत तो गळी उतरवायला लागली. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहाऱ्याचे काम दिले, असेही सांगतात. मालाच्या हिशेबाबरोबर माणसाचा हिशेबही त्या माळावर मांडला जात होता.

हे नांगर घेऊन गावोगाव फिरणाऱ्यांत एक होते भाऊराव पाटील. त्यांचा जन्म 1887 चा, कुंभोजचा. फिरतीवरच्या विक्रेत्याचे माप उघड असते: किती गावे झाली, किती नांगर खपले. भाऊरावांनी ते काम चोख केले. पण ज्या ओसऱ्यांवर बसून ते नांगराचे फायदे सांगत, त्या घरांतल्या पोरांना अक्षरओळख नव्हती, हे त्यांना रोज दिसत होते. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 साली ते काम साताऱ्यात आले, धनिणीच्या बागेत सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले आणि 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. मुलांचे पोट भरण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा राहिले नाही.

स्वावलंबी शिक्षण हे या संस्थेचे ब्रीद, आणि 'कमवा आणि शिका' ही त्याची रोजची चाल. बोर्डिंगातली मुले शेतात राबत, स्वयंपाक करत, पडेल ते अंगमेहनतीचे काम करत आणि शिकत. आजच्या कार्यक्षमतेच्या कसोटीला हे वेळापत्रक उतरणार नाही. शेतीच्या दृष्टीने पाहिले तर पोरांचे हात नवखे आणि उत्पन्न बेताचे. अभ्यासाच्या दृष्टीने पाहिले तर पुस्तकाचे तास कुदळीने खाल्लेले. दोन्ही हिशेब वेगवेगळे मांडले की दोन्हींत तोटाच दिसतो. कोणाच्या दयेवर न जगता शिकायचे आणि ज्याच्या हाताला घट्टे आहेत त्याला कमी लेखायचे नाही, हा हेतू मध्ये ठेवला की मगच त्या दिवसाची आखणी कळते. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा हीच चाल महाविद्यालयापर्यंत गेली. आज संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत. विक्रेता म्हणून भाऊरावांनी किती नांगर खपवले याचा आकडा आज कोणी काढत नाही. पण त्या फिरतीत त्यांनी गावे पाहिली नसती, तर हा हेतूही त्यांना सापडला नसता असे मला वाटते. हेतू आधी आणि काम नंतर, असा क्रम पुस्तकांत सांगतात. भाऊरावांच्या बाबतीत काम करता करताच हेतू उमगला, आणि बहुतेकांचे असेच होत असावे. विशीतल्या मुलाला तुझ्या जगण्याचे ध्येय एका ओळीत लिही म्हणून सांगणे म्हणूनच मला निष्ठुरपणाचे वाटते.

बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या औंधात माणसाचा दिवस कोणी आखायचा या प्रश्नाची दोन टोके एकत्र सापडतात. राजा स्वतः सूर्यनमस्काराचा कट्टर पुरस्कर्ता होता. शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे होते. शिस्त वरून लावायची आणि ती सवयीने अंगी मुरवायची, ही एक वाट. त्याच राजाने 1939 साली, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअराच्या कल्पनेतून, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. बंगळूरच्या वीजसामानाच्या कारखान्याचे काम सोडून फ्रीडमन औंधच्या प्रयोगात उतरले होते. स्वतंत्रपूर ही भिंत नसलेली कैद्यांची वसाहत. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसे तिथे राहून शेती करू लागली. बेडी नाही, चोवीस तासांचा पहारा नाही. तुरुंगात सक्तमजुरीचे माप असते, इथे जमीन होती आणि आपण पिकवलेले आपल्याला दिसत होते. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (1957) या चित्रपटामागे हाच प्रयोग आहे. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि माडगूळकर याच आटपाडी भागातले, औंधात शिकलेले. सक्तीच्या नमस्कारांपेक्षा भिंत नसलेली ती शेती मला जास्त शिकवते. ज्याच्याकडे आपण सर्वांत कमी भरवशाचा माणूस म्हणून पाहतो, त्याच्या हाती दिवस सोपवला तर तो काय करतो, हे तिथे पाहता आले.

आताच्या सातारा, कराड, सांगली, मिरजेत तासांचा हिशेब सर्वांत कठोरपणे मांडला जातो तो अभ्यासिकांमध्ये. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेल्या त्या खोल्या आता छोट्या गावांतही आहेत. प्लायवूडच्या कप्प्यात एक टेबल, वर ट्यूबलाइट, समोर चिकटवलेला वेळापत्रकाचा कागद, त्यावर पेनाने केलेल्या खुणा. चहाच्या टपरीवर एकमेकांना विचारतात, आज किती झाले? उत्तर तासांत येते. दहा झाले, बारा झाले. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचे ठरवले तेव्हा पुण्यात मुले रस्त्यावर उतरली आणि ती पद्धत 2025 पासून लागू करण्याचा निर्णय झाला. परीक्षेचे रूप पालटले की केलेल्या तासांची किंमतही पालटते, हे त्या मुलांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. या मुलांना 'हेतू ठेवा' असे सांगणे सोपे आहे. त्यांच्याकडे हेतू असतोच, आणि तो बहुधा घरचा असतो: बापाच्या उसाच्या बिलावर संसार चालत नाही, बहिणीचे लग्न व्हायचे आहे, गावात नोकरीवाल्याला मान आहे. कमतरता आहे ती दुसऱ्या वाटेची. परीक्षा निघाली नाही तर या वर्षांचे काय, याचे उत्तर घर, कॉलेज आणि सरकार यांनी मिळून द्यायला हवे. एकट्या मुलाने डायरीत लिहून ते मिळत नाही.

कमी करावे आणि नेमके करावे हा नव्या पुस्तकांचा मुख्य सल्ला. तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागेत तो हातांनी अमलात येतो, म्हणून तिथे जरा थांबतो. इथली बाग वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी. द्राक्ष दिसते ते फळछाटणीनंतर, पण किती घड येणार ते बरेचसे खरड छाटणीनंतरच ठरून गेलेले असते. उन्हाळ्यात नवी काडी तयार होते आणि त्या काडीवरच्या डोळ्यांत पुढचा घड बारीक रूपात आकार घेतो. त्या दिवसांत बागेत पाहायला काहीच नसते, नुसता पाला. नवशिका बागायतदार त्याच काळात दुर्लक्ष करतो आणि मग फळछाटणीनंतर डोळे फुटतात पण घड निघत नाहीत.

दुसरी गोष्ट विरळणीची. फळधारणा झाली की मणी बाजरीएवढे असताना आणि पुढेही घड तपासतात. वेलीला पेलतील तेवढेच घड ठेवायचे, बाकीचे काढून टाकायचे. ठेवलेल्या घडातलेही दाटीचे मणी छोट्या कात्रीने किंवा बोटांनी काढायचे. जोरात आलेले, हिरवेगार, निरोगी मणी जमिनीवर पडतात. सगळे ठेवले तर घड गच्च होतो, मणी एकमेकांना दाबतात, आतली हवा कोंडते, रोग शिरतो, गोडी उतरत नाही, आणि थकलेली वेल पुढच्या वर्षीही हात आखडते. पडणारा मणी खराब नसतो, ही यातली अवघड बाब. आपल्या दिवसातून निरुपयोगी कामे काढायला कोणालाही जमते. चांगल्या कामांपैकी काही काढावी लागतात तेव्हा हेतूची खरी परीक्षा होते. गावातला कर्ता माणूस सोसायटीत असतो, शाळा समितीत असतो, यात्रा कमिटीत असतो, लग्नाकार्यांत पुढे असतो. ही सगळी चांगलीच कामे. त्यातले कोणते सोडू म्हणून तो विचारतो तेव्हा त्याला उत्तर मिळत नाही, कारण ते एकट्याने सोडण्यासारखे नसते. त्याची जागा घेणारा दुसरा कोणी गावाने तयार करावा लागतो.

घाई करून चालतच नाही अशा कामांचेही इथे मोठे घराणे आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, फरीदसाहेब सितारमेकर यांच्यापासून, तंबोरे आणि सतारी घडवल्या जातात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे भोपळे वाळवावे लागतात, लाकूड मुरावे लागते, आणि शेवटी तारांखालच्या घोडीवर जवारी काढायची तर हातात कानस आणि कान तारेवर. सूर खुलेपर्यंत घासायचे आणि खुलला की त्या क्षणी थांबायचे. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मागणी वाढली म्हणून जवारी लवकर निघत नाही.

आता सर्वांत जवळचे आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे उदाहरण. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव, लोकसंख्या साधारण तीन हजार. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली. शाळा परत भरू लागली, तरी मोबाइल मुलांच्या हातात राहिला आणि मोठ्यांच्या संध्याकाळी मालिकांत जाऊ लागल्या. 14 ऑगस्ट 2022 रोजी गावाने महिलांची ग्रामसभा घेतली आणि भोंगा बसवायचे ठरले. तेव्हापासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. साडेआठला पुन्हा भोंगा, मग मोकळीक. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी ही सगळी हकिगत वेळोवेळी पत्रकारांना सांगितली आहे. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, मुलांना अभ्यासाला बसवा, तुम्हीही वाचा, एकमेकांशी बोला, म्हणून सांगत राहिले. बातमी देशभर आणि परदेशातही गेली.

साखर कारखान्याचा भोंगा या पट्ट्याला चांगला परिचयाचा. पाळी बदलली की तो वाजतो आणि माणसे कामावर जातात. वडगावचा भोंगा माणसांचे तास त्यांचे त्यांना परत देतो. अशी अॅपे आता फोनमध्येच मिळतात, ठरलेल्या वेळी पडदा बंद करणारी. ती मी वापरून पाहिली आहेत आणि ती बंद करायला एक बोट पुरते. शेजारच्या घरातला टीव्हीही बंद आहे हे माहीत असले की संध्याकाळ वेगळी होते. मुलाला 'सगळे बघतात, मीच का नाही' म्हणता येत नाही. बापालाही आपला फोन खिशात ठेवावा लागतो. मोह टाळण्याचे ओझे एकट्या मुलाच्या मनोबलावर न टाकता गावाने ते वाटून घेतले. हेतूच्या चर्चेत यापेक्षा मोठी भर गेल्या काही वर्षांत माझ्या वाचनात आलेली नाही.

याला आक्षेपही आहेत आणि ते खरे आहेत. गावाचा दाब हा दाबच असतो. जे गाव टीव्ही बंद करायला लावू शकते ते मुलीने किती वाजता घरी यावे हेही ठरवू शकते, आणि ठरवतेही. म्हणून हा ठराव कोणत्या सभेत झाला याला माझ्या लेखी फार किंमत आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची कायद्याची तरतूद आहे. पुष्कळ गावांत ती कागदावर उरकली जाते. वडगावात ती खरोखर भरली आणि तिने ठरवले.

तरी सात ते साडेआठ ही चुलीची वेळ आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळवापर पाहणीत 2019 साली घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी 299 मिनिटांचा वेळ त्यात जात होता, तर जे पुरुष घरकाम करत त्यांचा 97 मिनिटांचा. 2024 च्या पाहणीत हे आकडे 289 आणि 88 झाले. पाच वर्षांत स्त्रीची दहा मिनिटे सुटली आणि पुरुषाचीही जवळजवळ तेवढीच. उत्पादकतेच्या पुस्तकांतला सकाळचा शांत तास या 289 मिनिटांच्या अलीकडे बसवायचा की पलीकडे? द्राक्षाची विरळणी करणाऱ्या टोळ्यांत बहुतेक बायाच असतात. दिवसभर कोणता मणी ठेवायचा हे त्यांची बोटे ठरवतात, आणि स्वतःच्या दिवसातले काय ठेवायचे हे त्यांना कोणी विचारत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात हा प्रश्न एका बँकेने विचारला. म्हसवडला चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण सभासद निरक्षर होत्या. बायका शिकू लागल्या, पुन्हा गेल्या, तोंडी व्याज काढून दाखवायची तयारी ठेवून गेल्या. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. मग कळले की बँकेत यायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवायची. बाई हिशेबाला पक्की होती, तिला परवडत नव्हते ते येणे. तेव्हा बँकच घरोघर आणि बाजारात जाऊ लागली, दिवसाची थोडी थोडी बचत जागेवर घेऊ लागली. वेळेचे नियोजन शिका असे बायकांना सांगण्याऐवजी संस्थेने आपली वेळ त्यांच्या दिवसाप्रमाणे लावली.

वडगावच्या भोंग्याने आता एवढी पुढची पायरी घ्यावी असे मला मनापासून वाटते. पुढच्या महिला ग्रामसभेत विषयपत्रिकेवर एक विषय असावा: सात ते साडेआठ या वेळात भाकरी कोण करणार. कोणी आधी करून ठेवायचे सुचवेल, तर त्यासाठी रानातून पाचला कोण सुटणार हेही ठरवावे लागेल. कोणी पुरुषांची पाळी लावायला सांगेल. कदाचित त्या सभेला भोंग्याची वेळच आठ ते साडेनऊ करावीशी वाटेल. यातले काय पटते ते तिथल्या बायकांनी ठरवावे आणि ठरावात लिहून ठेवावे, म्हणजे ऊस लागवडीच्या घाईत ते विसरले जाणार नाही.